आधी प्लग खोला, इंजिन नंतर



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण विषय शेताबाहेरचा समजू नका. औषध आणायचं, मजुरांना सोडायचं, रात्री लाईट आली की मोटार चालू करायला जायचं, पहाटे माल बाजारात पोचवायचा, या सगळ्याला मोटरसायकलच लागते. बैलांना निदान पोळ्याला पुरणपोळी मिळते. गाडीला दसऱ्याला एक हार आणि बाकी वर्षभर नुसतं पेट्रोल.

पावसाळा सुरू झाल्यापासून तीन जणांनी मला एकच तक्रार सांगितली. "गाडी सपाटीला चांगली पळते, पण लोड घेऊन चढाला लागली की झटके मारते." तिघांना तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली होती. एकाला कार्ब्युरेटर, एकाला क्लच प्लेट आणि एकाला थेट बोअर-पिस्टन. प्लगचा गॅप मात्र तिघांपैकी एकाचाही कुणी मोजला नव्हता. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. शांतपणे वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोअर-पिस्टन सांगितलेला गडी म्हणजे माझा चुलतभाऊच. आमचं गाव मांजरी बुद्रुक, २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. कागदावर आम्ही आता शहरवाले, पण अर्धा एकर कोथिंबीर अन् तेवढीच मेथी अजून आहे. भाऊ शंभर सीसीच्या गाडीवर दोन्ही बाजूंना पोती बांधून पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल नेतो. गाडी हडपसरच्या उड्डाणपुलावर चढताना फट-फट करून दम टाकायला लागली. मागून ट्रक, एसटी, वर पाऊस. दोनदा त्याला पुलावरच कडेला थांबायला लागलं. गॅरेजवाल्यानं गाडी चालवून पाहिली आणि सांगितलं, "पिकअप गेलाय, इंजिन खोलावं लागेल. साडेसहा हजार धरा. तीन दिवस लागतील."

तीन दिवस! कोथिंबीर उपटायला आलेली. पावसाळ्यातली कोथिंबीर तीन दिवस कशी थांबते हे तुम्हाला सांगायला नको. खालची पानं पिवळी पडतात, मग जुडीला कोण विचारतं? टेम्पो करायचा म्हटलं तर चाळीस-पन्नास जुड्यांच्या पैशात भाडंच जास्त. संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आला, "दादा, उद्यासाठी तुझी गाडी दे."

मी म्हटलं, "गाडी ने. पण आधी तुझ्या गाडीचा प्लग काढू."

मी काही मेकॅनिक नाही. पण आमच्या वडिलांकडे एम-८० होती. दुधाचे कॅन लावलेल्या एम-८० गावोगाव दिसायच्या, त्यातलीच एक. त्या काळी पुण्याच्या कायनेटिकची १९७२ साली आलेली लुना काय, एम-८० काय, सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. पेट्रोलमध्येच ऑइल, त्यामुळे प्लगवर कायम काजळी धरायची. डिकीत प्लग पाना, फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा नसेल तर वडील गाडी बाहेर काढायचे नाहीत. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत प्लग साफ करून लोक पुढं जायचे. फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, प्लग हजारो किलोमीटर टिकायला लागला आणि आपण त्याला विसरलो. आज वीस-बावीस वर्षांच्या पोरांना प्लग कुठं असतो ते दाखवावं लागतं.

भावाच्या गाडीचा प्लग काढला. रंग चांगला होता, विटकरीकडे झुकणारा फिका तपकिरी. म्हणजे आत पेट्रोल-हवेचं प्रमाण नीट आहे, ऑइल वर येत नाही. हे बघूनच अर्धी काळजी गेली. मग फिलर गेज काढला. फिलर गेज म्हणजे चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा. प्रत्येक पत्तीवर तिची जाडी लिहिलेली असते. या गाडीच्या पुस्तकात गॅप ०.८ ते ०.९ मिलिमीटर दिलाय. ०.९ ची पत्ती कुठं न अडकता आरपार गेली. १.० ची गेली. १.० आणि ०.१५ अशा दोन पत्त्या जोडून घातल्या, त्याही गेल्या. १.० आणि ०.२० जोडल्यावर कुठं घट्ट लागलं. म्हणजे गॅप १.२ च्या आसपास. पाहिजे त्यापेक्षा दीडपट म्हणा ना. प्लग शेवटचा कधी बदलला होता ते भावाला आठवेना.

आता हा गॅप एवढा महत्त्वाचा का, ते समजून घेऊ. प्लगच्या मधोमध एक दांडी असते आणि तिच्यावर वाकवलेली दुसरी पट्टी. दोघींच्या मधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. प्रत्येक ठिणगीबरोबर धातू कणाकणानं झिजतो. शंभर सीसीची गाडी मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी इंजिनाला लागतेच, आणि बऱ्याच गाड्यांत तर दर फेऱ्याला एक पडते. हजारो किलोमीटरमध्ये किती ठिणग्या झाल्या याचा हिशेब तुम्हीच करा. फट हळूहळू रुंदावत जाते. आवाज नाही, वास नाही. फवाऱ्याचा नोझल झिजतो तसंच. त्याचं भोक मोठं होत जातं, औषध जास्त पडायला लागतं, पण डोळ्याला फवारा तसाच दिसतो. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी यायला लागलं की तो बदलायचा हे आपण मापून ठरवतो. प्लगचंही असंच मापावं लागतं, डोळ्याला कळत नाही.

मग सपाटीला गाडी चालते आणि चढालाच का मारते? इथं खरी गंमत आहे. साध्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. पण प्लग साध्या हवेत काम करत नाही. पिस्टननं दाबलेल्या हवेत करतो. हवा जितकी दाबलेली तितकं तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. फ्रीडरिश पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये हा नियम मांडला : व्होल्टेज किती लागणार ते दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. सपाटीला आपण ॲक्सिलरेटर थोडाच पिळलेला असतो. आत हवा कमी जाते, दाब कमी, रुंद फटीतूनही ठिणगी पडते. चढाला लोड घेऊन पूर्ण पिळला की सिलिंडर हवेनं भरतो, दाब वाढतो, आणि कॉईलचा जोर त्या रुंद फटीला पुरत नाही. एखादी ठिणगी पडते, एखादी चुकते. चुकलेली प्रत्येक ठिणगी म्हणजे एक झटका.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. प्लग काढून, कॅप लावून, हेडला टेकवून किक मारायची आणि "बघ, करंट आहे की" म्हणायचं, ही आपली गावठी तपासणी अर्धवट आहे. बाहेर ठिणगी दिसली म्हणजे दाबाखाली आत पडतेच असं नाही. करंट अजिबात येत नाही का, एवढंच त्यातून समजतं. आणि ती तपासणी करायचीच असेल तर प्लगचा धातू हेडला घट्ट टेकलेला पाहिजे, नाहीतर हाताला झटका बसतो आणि सीडीआय युनिटही जाऊ शकतं. प्लगच्या भोकापासून तर लांबच धरा. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.

गॅप फार कमी असला तरी चालत नाही. ठिणगी सहज पडते, पण इतकी बारीक की भोवतीचं मिश्रण नीट पेटत नाही. गाडी स्लोला थरथरते, सकाळी चालू व्हायला त्रास देते आणि थोड्याशा काजळीनं फट बुजूनच जाते. ओळीतलं अंतर जवळ पडलं तरी तोटा, लांब पडलं तरी तोटा, तसंच हे.

आता करायचं कसं ते सांगतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग ओढाल तर आटे खराब होतील, आणि त्या कामाला प्लगच्या कितीतरी पट पैसे जातील. कॅप काढताना वायर ओढू नका. कॅपच धरून जरा फिरवत वर घ्या. मग प्लगच्या बुडाशी साचलेली माती उडवा. सायकलचा पंप चालेल, फवारणीचा कोरडा ब्लोअर चालेल. हे टाळू नका. आपल्या गाड्या शेतातल्या आहेत, तिथं चिमूटभर माती हमखास असते. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

योग्य मापाचा प्लग पाना सरळ बसवा आणि डावीकडे फिरवा. प्लग निघाला की भोकावर स्वच्छ फडकं ठेवा. साफ करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कारण रंग हाच त्याचा रिपोर्ट आहे आणि साफ केल्यावर रिपोर्ट पुसला जातो.

गॅप मोजताना पत्ती सरळ घाला, तिरकी नको. ०.८ ची पत्ती किंचित घासत गेली आणि ०.९ ची पुढची अडली, म्हणजे गॅप त्या दोघांच्या मध्ये, काम झालं. गॅप जास्त असेल तर बाहेरची पट्टी कडक लाकडावर हळूच टेकवत ठोका, एका वेळी अगदी थोडं, आणि परत मोजा. कमी असेल तर गेजबरोबर मिळणाऱ्या आकड्यानं बाहेरचीच पट्टी हलकी उचला. मधल्या दांडीवर जोर देऊन पान्यानं उचकटू नका. तिच्याभोवतीची पांढरी चिनी माती तडकते, आणि तडा इतका बारीक असतो की दिसतही नाही. पट्टी आणि दांडी शेवटी एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत.

दांडीचं टोक बघा. नव्या प्लगमध्ये तिच्या कडा धारदार असतात. धारेवरून ठिणगी सहज सुटते. कडा झिजून टोक गोल झालं असेल तर गॅप कितीही नीट केला तरी ती तात्पुरती सोय आहे. नवा प्लग टाका. आणि प्लग इरिडियमचा असेल, म्हणजे मधली दांडी सुईसारखी बारीक असेल, तर त्याला ब्रश, पॉलिश पेपर, ठोकाठोकी काहीच करू नका.

बसवताना आधी नुसत्या हातानं फिरवा. शेवटपर्यंत हातानंच गेला पाहिजे. अडला तर उलटा काढून परत सरळ लावा, पाना लावून रेटू नका. प्लग टेकला की नव्या वायसरवाल्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो. जुनाच परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेलं असतं, त्याला घड्याळातल्या एका तासाएवढं फिरवलं की बास. पुस्तकात टॉर्क दिला असेल तर तो प्रमाण माना. शेवटी कॅप टक् आवाज येईपर्यंत दाबा. पावसात गाडी मिसिंग मारण्याचं एक कारण अर्धवट बसलेली किंवा चिरलेली कॅप हेही असतं.

फिलर गेज नसेल तर? लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याची पाठ साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असते. जुने लोक तिच्यावर अंदाज घ्यायचे. अडल्या वेळी ठीक, पण गेज स्वस्त मिळतो. तो घ्याच.

प्लग घेताना त्यावरचा नंबर वाचायला शिका. एनजीकेच्या 'सीपीआर८ईए-९' मधला शेवटचा ९ म्हणजे कारखान्यातून आलेला गॅप ०.९ मिलिमीटर. मधला ८ म्हणजे प्लग किती थंड किंवा गरम प्रकारचा. एनजीकेमध्ये हा आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, आकडा मोठा तितका गरम. त्यामुळे कंपनी बदलताना "आठ नंबरच दे" असं म्हणू नका. जुना प्लग खिशात घालून न्या, पुस्तकातला नंबर दाखवा. पुण्यात नाना पेठेत टू-व्हीलरच्या पार्टची दुकानं ओळीनं आहेत, तिथं पाहिजे तो नंबर मिळतो. बिल मागा. आणि नवा प्लगसुद्धा लावण्याआधी मोजा. खोक्यातून पडला, आदळला तरी पट्टी वाकते.

भावाच्या गाडीचा गॅप त्या रात्री ०.८५ ला आणला. दोन पोती बांधून मीच उड्डाणपुलावर चालवून आलो. एकही झटका नाही. दांडीचं टोक गोल झालेलं होतं, म्हणून माल देऊन येताना भावानं नाना पेठेतून नवा प्लग आणला. इंजिनाला हात लावावा लागला नाही. गॅरेजवाल्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. एवढे किलोमीटर झालेल्या गाडीचा पिकअप गेला तर इंजिनाची शंका येतेच, आणि त्याच्याकडे दहा गाड्या रांगेत उभ्या असतात. पण आधी काय बघायचं हे आपण ठरवू शकतो. स्वस्त आणि सोपं ते आधी, महाग आणि उघडून टाकणारं ते नंतर.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर प्रत्येक आजाराला प्लगच म्हणाल. दुसऱ्याच आठवड्यात शेजारचे काका गाडी घेऊन आले. तेच झटके. प्लग काढला तर काळा, ओला, हाताला ऑइल लागतंय. गॅप मात्र बरोबर. सायलेन्सरमधून निळसर धूरही होता. म्हटलं, "काका, हे इंजिनाचंच काम आहे. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय. नवा प्लग टाकला तर चार दिवस बरी चालेल, मग परत हेच." काका म्हणाले, "चार महिन्यांत तीन प्लग झाले, हे कुणी बोललंच नाही." त्यांना खर्च टळला नाही, पण कुठं करायचा ते कळलं.

म्हणून प्लगकडे साक्षीदार म्हणून बघा, दर वेळी आरोपी म्हणून नको. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो. पान पिवळं दिसतं म्हणून आपण युरिया ओतला तर काय होतं? काही नाही. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. पान फक्त सांगत असतं. प्लगचंही तेच. तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर उघडा. ओला आणि ऑइलकट म्हणजे आतून ऑइल येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे फार तापतोय. हवा जास्त, पेट्रोल कमी, किंवा चुकीच्या नंबरचा प्लग.

आमच्यासारख्या शहराच्या कडेच्या शेतकऱ्यांच्या गाड्यांना यात दुहेरी त्रास आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. घरापासून रानापर्यंत दोन किलोमीटर, तेही चोक ओढून, प्लग तापायच्या आत गाडी बंद. रानात धुरळ्यानं फिल्टर चोंदलेला. मग पहाटे शहरात गेलो की परतताना हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर अर्धा तास. सगळीकडून काजळीच. पुस्तकात दिलेलं तपासणीचं अंतर साध्या वापरासाठी असतं. धुळीत, लोडवर, तुकड्या-तुकड्यानं चालणाऱ्या गाडीला ते कमी धरा. मी दर दोन हजार किलोमीटरला प्लग काढून बघतो आणि एअर फिल्टर त्याच दिवशी साफ करतो.

दोन प्लगच्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती गोष्ट आपल्या पुण्यातली आहे. बजाजनं २००१ मध्ये पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिला एका सिलिंडरला दोन प्लग दिले, तेच डीटीएस-आय. एका टोकाला आग लावली की ज्वाला दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो. दोन्हीकडून लावली की मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं. उसाचं पाचट पेटवलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल (पेटवू नका, कुजवा, हे वेगळं सांगत नाही). या दोन प्लगच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांचा वाद मद्रास हायकोर्टातून २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तर तीन प्लग आले.

अशा गाडीत एक प्लग कमजोर झाला तरी दुसऱ्यावर गाडी चालत राहते. ही चांगलीच सोय, पण म्हणूनच बिघाड लपतो. ॲव्हरेज थोडं कमी, पिकअप थोडा मंद, आणि मालक म्हणतो, "गाडी जुनी झाली." भाच्याच्या गाडीचं तेच होतं. सहज हाताला येणारा प्लग दोनदा बदललेला, पलीकडचा कधी निघालाच नव्हता. प्लग झिजणारच, त्यात गाडीचा दोष नाही. जितके प्लग तितके सगळे काढा, कुठला कुठल्या बाजूचा ते चिठ्ठी लावून ठेवा, आणि बदलायचे तर सगळे एकदमच बदला.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना चुकलेली ठिणगी आणखी महागात जाते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो तापून खराब होतो. त्याची किंमत विचारून बघा, मग प्लगची किंमत फुकट वाटेल. अशा गाडीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर प्लग बघाच, पण दिव्याचा कोडही गॅरेजमध्ये वाचून घ्या.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं पातळ होतं, आणि इंजेक्शनच्या गाड्यांसारखं ते आपोआप जुळवून घेता येत नाही. अशी गाडी असेल तर प्लग पांढरट पडतोय का यावर लक्ष ठेवा. इथेनॉल पाणीही ओढतं. म्हणून हंगाम संपल्यावर ग्रास कटर, पेट्रोलचा फवारणी पंप, छोटा वीडर यांच्या टाकीत पेट्रोल ठेवून देऊ नका.

आणि हो, या यंत्रांनाही प्लग आहेत! मोटरसायकलचा निदान अधूनमधून निघतो, यांचा यंत्र बंद पडेपर्यंत कुणी बघत नाही. ग्रास कटरची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, आणि कारण असतं काजळीनं बुजलेली फट. प्रत्येकाचा गॅप वेगळा असतो. मोटरसायकलचा आकडा तिथं लावू नका, त्याच्या पुस्तकात बघा. ऐन कोळपणीच्या दिवशी मजूर बांधावर बसून राहण्यापेक्षा आदल्या रात्री पाच मिनिटं बरी.

मी एक सवय लावून घेतली आहे. फवारणी, खत, पाण्याच्या पाळ्या ज्या वहीत लिहितो, तिच्याच मागच्या पानावर गाडीचं लिहितो. तारीख, किलोमीटर, गॅप किती निघाला, किती केला, रंग कसा. चार नोंदी झाल्या की आपली गाडी किती किलोमीटरला गॅप सोडते ते आपल्यालाच कळतं. मग कुणी काही सांगितलं तरी हातात आपला स्वतःचा रेकॉर्ड असतो. आणि गॅरेजवालाही अशा गिऱ्हाइकाशी वेगळं बोलतो, हा माझा अनुभव आहे.

यंदा पाऊस चांगला आहे, मालाची ये-जा वाढणार. येत्या रविवारी सकाळी गाडी थंड असताना प्लग काढा, मोजा, फोटो काढा. गाडी कुठली, किलोमीटर किती, गॅप किती निघाला आणि रंग कसा होता ते खाली लिहा. फोटो टाकलात तर रंगावरून काय वाटतं ते सगळे मिळून बोलू. आपल्यात जे ट्रॅक्टर-मोटारीचं काम जाणतात त्यांनी माझं कुठं चुकत असेल तर बिनधास्त सांगावं.

फिलर गेज ज्यांच्याकडे नाही त्यांनी माझा घेऊन जावा. फक्त परत आणून द्या, आणि पत्त्यांना तेलाचा हात लावून द्या. गंज चढला की मापात फरक पडतो.